घरच्या मैदानावर आपल्या संघाला आवाज हवा : मंडळाच्या क्रीडा समितीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी, २ जुलै २०२५ रोजी, सेंट लुईस येथे गोल्ड कप या उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. अमेरिकेच्या पुरुष फुटबॉल संघाने ग्वाटेमालावर २-१ अशी मात केली आणि अमेरिकेचे दोन्ही गोल डिएगो लूना या तरुण खेळाडूने केले. निकाल आनंदाचा होता, परंतु तो सामना न्यू जर्सीतील आपल्या मंडळाच्या सभागृहात एकत्र बसून पाहणाऱ्या आम्हा सर्वांना एक गोष्ट बोचत राहिली. स्टेडियममधला बहुतेक आवाज ग्वाटेमालाचा होता. चेंडू त्यांच्या पायाशी गेला की गजर उठत होता आणि आपल्या पायाशी आला की शिट्ट्या ऐकू येत होत्या. १९५० च्या विश्वचषकात बेलो होरिझोंते येथे इंग्लंडला १-० असे हरवणाऱ्या अमेरिकेच्या अकरा जणांत पाच जण याच सेंट लुईसचे होते. फुटबॉलची इतकी जुनी परंपरा असलेल्या शहरातही राष्ट्रीय संघाला पाहुण्यासारखे खेळावे लागले. त्या रात्री सभागृहात सुरू झालेली चर्चा पुढे अनेक बैठकांतून चालू राहिली आणि तिच्यातूनच राष्ट्रीय संघांसाठी समर्थक गट उभारण्याचे हे आवाहन आपल्यापुढे येत आहे.

ग्वाटेमालाच्या चाहत्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला तर मुळीच नाही, कारण १२ जून २०२४ रोजी लाँग आयलंडवरील नासाऊ काउंटीच्या मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत विरुद्ध अमेरिका हा सामना झाला, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण भारताची निळी जर्सी घालून तिथे बसले होते. मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने त्या दिवशी अमेरिकेकडून गोलंदाजी करताना विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि पाठोपाठ रोहित शर्मालाही बाद केले, तेव्हा आपला घसा काय करावे ते न कळून क्षणभर थांबला होता. ज्या देशातून आलो त्या देशाची ओढ ही लाजण्याची गोष्ट नाही. परंतु आपल्या शेजारी बसलेली, इथेच जन्मलेली आणि इथल्याच शाळेच्या संघातून शनिवार-रविवार फुटबॉल खेळणारी आपली मुले कोणत्या संघासाठी ओरडणार, हा प्रश्न आपण त्यांच्यासाठी कधी नीट मांडलेलाच नाही. क्रिकेटमध्ये त्यांना आई-वडिलांचा संघ वारशाने मिळाला. फुटबॉलमध्ये त्यांचा स्वतःचा संघ आहे. त्या संघाच्या पाठीशी उभे कसे राहावे हे शिकवणारे कोणी त्यांच्याजवळ नाही, आणि हीच उणीव आपल्याला भरून काढायची आहे.

आपण जिथे राहतो तो प्रदेश अमेरिकेच्या फुटबॉलचे माहेरघर आहे, हे नव्याने आलेल्या कुटुंबांना क्वचितच ठाऊक असते. कर्नी आणि हॅरिसन या परिसरात एकोणिसाव्या शतकात क्लार्क कंपनीच्या सूतगिरण्यांत काम करण्यासाठी स्कॉटिश कामगार आले आणि येताना त्यांनी हा खेळ आणला. १८८५ साली अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील पहिला, जरी अनधिकृत असला तरी, सामना याच भागात झाला. पुढे शंभर वर्षांनी त्याच गल्ल्यांत टोनी मियोला, जॉन हार्क्स आणि टॅब रामोस हे तिघे एकत्र वाढले आणि १९९० व १९९४ या दोन्ही विश्वचषकांत देशासाठी खेळले. १ जुलै २०१४ रोजी ब्राझीलमधील साल्व्हादोर येथे बेल्जियमविरुद्ध एकामागून एक फटके अडवत राहिलेला गोलरक्षक टिम हॉवर्ड आपल्या शेजारच्या नॉर्थ ब्रन्सविकचा. २०१५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या १६ मिनिटांत तीन गोल करणारी कार्ली लॉईड डेलरानची, आणि तिचे शिक्षण रटगर्स विद्यापीठातले, जिथे आपल्या मंडळातील अनेकांची मुले आज शिकत आहेत. खेळाडू घडवण्यात न्यू जर्सी कधी कमी पडले नाही.

मात्र चाहते आपोआप घडत नाहीत, आणि मोठी स्पर्धा घरी आली म्हणूनही घडत नाहीत. १९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला तेव्हा ५२ सामन्यांना मिळून ३५ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. इथल्या जायंट्स स्टेडियममध्येही तुडुंब गर्दी झाली. तरीही चारच वर्षांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, लॉस एंजेलिस येथे गोल्ड कपच्या अंतिम सामन्याला सुमारे ९१ हजार लोक जमले, ते बहुतांशी मेक्सिकोच्या बाजूने होते आणि आपल्या राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो झाली. गर्दी आणि पाठिंबा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आले.

त्यानंतरचा प्रयत्न आम्हाला फार शिकण्यासारखा वाटतो. २८ फेब्रुवारी २००१ रोजी मेक्सिकोविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने मुद्दाम ओहायोतील कोलंबसच्या छोट्या मैदानावर, कडाक्याच्या थंडीत ठेवला. चोवीस हजारांच्या आसपास लोक आले, पण ते आपल्या संघासाठी आले होते. अमेरिकेने २-० असा विजय मिळवला आणि २००५, २००९ व २०१३ या तिन्ही वेळी त्याच मैदानावर तोच निकाल पुन्हा लागला. तो निकाल पुढे चाहत्यांची घोषणाच झाला. या साऱ्यामागे १९९४ च्या विश्वचषकानंतर उभ्या राहिलेल्या ‘सॅम्स आर्मी’ या समर्थक गटाचे कष्ट होते आणि २००७ मध्ये नेब्रास्कातील लिंकन या शहरात काही मित्रांनी सुरू केलेल्या ‘अमेरिकन आउटलॉज’ या संघटनेनेही त्यात भर घातली. लिंकन हे काही फुटबॉलचे मोठे केंद्र नव्हते. तरीही तिथून निघालेल्या संघटनेच्या शाखा आज देशभर आहेत. आपल्याकडे गणेशोत्सवाचे ढोल-ताशा पथक ज्यांनी चार ढोलांवर सुरू केले, त्यांना हे कसे घडते ते वेगळे सांगायला नको.

किंबहुना या कामासाठी आपल्यापाशी जे आहे ते इतर अनेकांपाशी नाही. समर्थकांच्या विभागात एक ‘कापो’ असतो. तो सामन्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभा राहतो आणि नव्वद मिनिटे घोषणा देत राहतो. गोल झाला तरी त्याला तो लोकांच्या चेहऱ्यावरच दिसतो. त्याच्या बाजूला वादक असतात. ताशाची तर्री सुरू झाली की ढोल कधी उचलायचा, हात कधी बदलायचा, थकलेल्या रांगेला पुन्हा कसे जागे करायचे, हे आपल्या पथकातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना उत्तम येते. स्टेडियममध्ये लागते ती हीच विद्या. अमेरिकेच्या चाहत्यांकडे ‘आय बिलीव्ह दॅट वुई विल विन’ ही घोषणा आहे. ती नौदल अकादमीच्या पूर्वतयारी शाळेत जन्मली आणि २०१४ च्या विश्वचषकात जगभर पोहोचली. एकाने एक शब्द द्यायचा, सर्वांनी तो परत करायचा, मग वाक्य वाढवत न्यायचे, अशी तिची रचना असल्याने पहिल्यांदा आलेला माणूसही तिच्यात सामील होतो. तिचा आम्हाला अभिमान आहे. परंतु तेवढ्या एका घोषणेवर सामना निघत नाही. विशेषतः संघ मागे पडला असताना, वेळ संपत आली असताना, लोक गप्प होतात, आणि खेळाडूंना आवाजाची खरी गरज तेव्हाच असते. ठेका तुटू न देणे ही आपल्या वादकांची देणगी तिथे फार मोलाची ठरेल.

महिला संघाविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण समितीच्या बैठकीत या मुद्द्यावर सर्वांचे एकमत झाले. १९ जून १९९९ रोजी इथल्याच जायंट्स स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाचा पहिला सामना अमेरिकेने डेन्मार्कविरुद्ध ३-० असा जिंकला, तेव्हा जवळजवळ ७९ हजार प्रेक्षक हजर होते. तीन आठवड्यांनी पासाडेना येथील अंतिम सामन्याला ९० हजारांहून अधिक लोक आले. २०१९ मध्ये लियोन येथे संघाने चौथा विश्वचषक जिंकला, त्यावेळी प्रेक्षकांनी समान वेतनाची घोषणा दिली आणि २०२२ मध्ये पुरुष व महिला संघांसाठी समान मोबदल्याचा करार झाला. प्रेक्षकांचा आवाज मैदानाबाहेरही पोहोचतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. म्हणून आपला गट दोन्ही संघांसाठी सारख्याच संख्येने जाईल, हा निर्णय आम्ही आधीच घेतला आहे.

येत्या ११ जूनपासून विश्वचषक सुरू होत आहे आणि त्याचा अंतिम सामना १९ जुलै रोजी आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, ईस्ट रदरफर्ड येथे होणार आहे. अमेरिकेचे साखळी सामने मात्र पश्चिम किनाऱ्यावर आहेत : १२ जूनला पराग्वेविरुद्ध इंगलवूड येथे, १९ जूनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सिअॅटल येथे आणि २५ जूनला पुन्हा इंगलवूड येथे. त्या सामन्यांची तिकिटे आणि विमानप्रवास सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहेत आणि त्यासाठी आम्ही देणगी मागत नाही. हे तिन्ही सामने आपण सभागृहात, वाद्यांसह, शेजाऱ्यांना बोलावून पाहू. आमचा खरा संकल्प त्यापुढचा आहे. विश्वचषक संपल्यावर, जेव्हा वर्तमानपत्रांतून फुटबॉल नाहीसा होतो, तेव्हा हॅरिसन, फिलाडेल्फियाजवळचे चेस्टर किंवा कनेक्टिकटमधील ईस्ट हार्टफर्ड येथे राष्ट्रीय संघांचा सामना ठरला, तर त्याला बस भरून माणसे गेली पाहिजेत. २०२७ मध्ये ब्राझीलमध्ये महिला विश्वचषक आहे आणि २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक आहे. तोवर आपला गट सवयीने उभा असावा.

यासाठी पहिल्या वर्षी आम्हाला एकूण १२,००० डॉलरची आवश्यकता आहे. त्यातील ४,५०० डॉलर विश्वचषकानंतरच्या तीन सामन्यांच्या बसभाड्यासाठी, म्हणजे प्रत्येक फेरीला १,५०० डॉलर, असे धरले आहेत. ४,२०० डॉलरमधून ३५ विद्यार्थ्यांना तिन्ही सामन्यांची तिकिटे दिली जातील. तिकीट सरासरी ४० डॉलरचे असेल असे आम्ही गृहीत धरले आहे आणि समर्थकांच्या विभागातली जागा याहून महाग घेणार नाही. या विद्यार्थ्यांत निम्मी मुले मंडळाबाहेरची असावीत, असा समितीचा आग्रह आहे. न्यू ब्रन्सविकमध्ये मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांपुढेही आपल्या मुलांसारखाच दोन देशांचा प्रश्न आहे, आणि ही मुले एका बाकावर बसली तर एकमेकांना पुष्कळ समजावू शकतील.

वाद्यांसाठी १,८०० डॉलर लागतील. आपल्याकडे ढोल आहेत, मग हा खर्च कशासाठी, असे काही सभासदांनी विचारले. अनेक स्टेडियममध्ये आत तपासता यावे म्हणून वाद्य एका बाजूने उघडे असावे लागते, आणि आपला ढोल दोन्ही बाजूंनी मढवलेला असतो. म्हणून एका बाजूने उघडे असलेले मोठे ड्रम आणि काही साइड ड्रम घ्यावे लागतील. वाद्ये व फलक आत नेण्यासाठी आगाऊ परवानगी घ्यावी लागते, तीही समिती घेईल. मोठ्या फलकाच्या कापडासाठी आणि रंगांसाठी ९०० डॉलर ठेवले आहेत. असे कापड पेट न घेणारे असावे लागते, त्यामुळे ते साध्या चादरीपेक्षा महाग पडते. उरलेले ६०० डॉलर सभागृहातील तीन सामन्यांच्या पडद्यासाठी व अल्पोपाहारासाठी आहेत.

देणगी कितीही रकमेची असो, ती मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. ज्यांच्या कंपनीत कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर घालण्याची सोय आहे, त्यांनी तो अर्ज भरण्याची तसदी घ्यावी. गेल्या दिवाळी कार्यक्रमाच्या निधीत बरीच रक्कम अशीच आली होती. जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्व सभासदांना पाठवला जाईल. निधी शिल्लक राहिला तर तो पुढील वर्षीच्या विद्यार्थी तिकिटांसाठीच वापरला जाईल.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. शिवणकाम येणाऱ्या काका-काकूंची, मुलांना सरावाला आणणाऱ्या पालकांची, इंग्रजी व स्पॅनिशमध्ये घोषणा लिहून देणाऱ्यांची आम्हाला मदत हवी आहे. गेल्या वर्षी आम्ही २३ जण एका सामन्याला गेलो, पण तिकिटे उशिरा आणि सुटी घेतल्यामुळे पाच ठिकाणी विखुरलो आणि कोणाचाच आवाज कोणाला ऐकू आला नाही. ती चूक आमची होती. या वर्षी नावे आधी घेऊन तिकिटे एकत्र काढली जातील, म्हणून आपण आपले नाव लवकर कळवावे ही विनंती. प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्यांना, खेळाडूंना किंवा पंचांना शिवीगाळ, वर्ण, देश वा लैंगिकतेवरून हिणवणे आपल्या गटात चालणार नाही. असे करणाऱ्याला, तो कितीही जुना सभासद असला तरी, पुढच्या बसमध्ये जागा मिळणार नाही.

निधी गुढीपाडव्यापर्यंत जमा व्हावा, अशी आमची इच्छा आहे. पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात घोषणांचा आणि वाद्यांचा पहिला सराव होईल. वादक आपल्याकडे पुरेसे आहेत. मात्र सामन्याकडे पाठ करून नव्वद मिनिटे उभे राहण्याची तयारी असलेले चार जण, शक्य तर दोन मुली व दोन मुलगे, आम्हाला त्या सरावाआधी हवे आहेत. त्यांनी आपली नावे क्रीडा समितीकडे द्यावीत.

आपली नम्र,
क्रीडा समिती