मिनिकॉय नाही, अंदमान

नेरूळ, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

अंदमानची तिकिटं काढली. फेब्रुवारीतली. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने "तुम्ही ठरवाल तसं" म्हणत विषय भाजीवर नेला असता. म्हणून लिहिते आहे. आई, तूच मोठ्याने वाचून दाखव, बाबांचा चष्मा अजून दुकानातच असणार.

बाबा, तुमच्या मनात लक्षद्वीपचं मिनिकॉय बेट होतं, हे मला ठाऊक आहे. बीपीटीतून, म्हणजे पोर्ट ट्रस्टच्या नोकरीवरून घरी आल्यावर तुम्ही तिथल्या खलाशांच्या गोष्टी सांगायचात आणि आम्ही भाऊ-बहीण वरणभात गार करत ऐकत बसायचो. तिथलं १८८५ सालचं दीपगृह बघायचं, हे तुम्ही किती वर्षं म्हणताय. म्हणून मी पहिल्यांदा तीच सहल शोधली. कोचीहून जहाज निघतं, पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय दाखवतात, दिवसा बेटावर, रात्री झोपायला पुन्हा जहाजावर. परवान्याचे फॉर्मसुद्धा मी वाचून काढले होते.

मग एका संध्याकाळी तिथले व्हिडिओ बघितले. बेटाभोवती प्रवाळाची कड, आतलं पाणी उथळ, त्यामुळे मोठं जहाज बरेचदा बाहेरच नांगर टाकतं आणि माणसांना लहान होड्यांत उतरवतात. होडी खालीवर होत असते. ती वर आली की होडीवाले दंडाला धरतात आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. तिथली माणसं हे रोज करतात, सांभाळून नेतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला ठाण्याची तलावपाळी आठवली. तुम्ही एक पाय पायरीवर आणि एक होडीत ठेवून उभे राहायचात, आधी मला, मग भाऊला, मग आईला आत घ्यायचात आणि स्वतः शेवटी यायचात. मला वाटायचं, बाबांनी पाय उचलला की होडी निघून जाईल. लक्षद्वीपलाही तुम्ही तसेच उभे राहाल, बाबा. कितीही सांगितलं तरी आधी आम्हाला उतरवाल. आणि गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अजून वर्षही झालेलं नाही.

यात तुम्ही म्हातारे झालात असं मी म्हणत नाहीये. वाटेल तेव्हा कचराळी तलावाला फेऱ्या मारणाऱ्या माणसाला कोण म्हणेल? मी फक्त उडी मारावी लागणार नाही असा रस्ता शोधला.

दुसरं म्हणजे अंतर. मिनिकॉय बाकीच्या बेटांपासून जवळजवळ २०० किलोमीटर दक्षिणेला, मध्ये नाइन डिग्री चॅनल हा समुद्राचा रुंद पट्टा. तो तुम्हाला मी काय समजावणार! तुम्हाला त्या पाण्यातून जाणारी मोठी जहाजं बघायची असतील, पण आईला ती रात्र कशी जाईल? रेवसच्या लाँचनंतर तिने समुद्राचं नाव टाकलं होतं. शिवाय तिथे कुणाची तब्येत फारच बिघडली तर हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं. श्रावणातली ती रात्र मी अजून विसरलेले नाही, बाबा. तेव्हा ठाण्यात होतो म्हणून दहा मिनिटांत पोचलो.

भाऊने सुचवलेली मुंबईहून सुटणारी मोठी क्रूझही बघितली. आईला ती आवडली होती, कारण बॅलार्ड पिअरला टॅक्सीने जायचं, विमान नको, सामान एकदाच लावायचं. तिचं म्हणणं खोटं नाही. पण त्यात जहाजच जास्त आणि बेट कमी. अगत्तीला काही तास, तेही पुन्हा होडीनेच, आणि त्या दिवशी समुद्र खवळला तर लांबूनच नमस्कार. रात्री उशिरापर्यंत गाणी चालणार आणि साडेनऊला झोपणारी तुम्ही दोघं केबिनमध्ये कूस बदलत राहणार. भाऊला मी समजावलं आहे, त्याला वाईट वाटलेलं नाही. तोही आपल्याबरोबर येतोय.

अंदमानला रात्री जहाजावर नाही, बेटावर हॉटेलातच झोपायचं आहे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बंद काचेच्या, एसी असलेल्या बोटीने दीड-दोन तास, तिथून नील साधारण तासाभरावर, नीलहून परत पोर्ट ब्लेअर. (२०१८ पासून हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप आहे, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर वेगळी नावं बघून गोंधळू नका.) बोट धक्क्याला लागते, फळीवरून चालत आत जायचं. पोर्ट ब्लेअरला मोठं सरकारी रुग्णालय आहे. फेब्रुवारीत समुद्र बहुतेक शांत असतो. बारातांग मी यादीतून काढलं. त्यासाठी पहाटे अंधारात निघून गाड्यांच्या ताफ्यातून तासन् तास जावं लागतं आणि जारवा आदिवासींच्या जंगलातून त्यांना बघायला जाणं मला आवडत नाही. रॉस बेट ठेवलंय, तिथे फिरायला विजेवरच्या गाड्या आहेत.

आणि बाबा, दीपगृह आहे! जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागे माडांची झाडं आणि समुद्राचं चित्र होतं ना, ते तिथल्या नॉर्थ बेचं. ते दृश्य ज्यावरून दिसतं त्या माउंट हॅरिएटच्या डोंगरावर गाडी जाते, वरून दीपगृह दिसतं. मिनिकॉयची बरोबरी होणार नाही, पण तुम्ही मला वरून बंदर दाखवा, कुठे काय आहे ते समजावून सांगा.

सेल्युलर जेल तर आहेच. आजोबांनी तुम्हाला सावरकरांबद्दल काय सांगितलं होतं, ते तुम्ही कधी पूर्ण सांगितलंच नाहीत. १९११ ते १९२१ इतकी वर्षं ते तिथे होते. त्यांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. चढायचं की नाही ते त्या दिवशी गुडघ्याला विचारू. चढलो तर मी तुमच्या मागे असेन. नाही जमलं तर खाली अंगणात बसू. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम तर बसूनच बघायचा असतो.

आता आई. जेवणाची काळजी करू नकोस. इडली-डोसा सगळीकडे मिळतो, वरण-भात-भाजीही. हॉटेलला मी खोलीत किटली आहे का ते विचारलं, आहे. तुझी चहा पावडर आणि गवती चहा घे. उशी घे, नाहीतर मान धरते. तिथे सूर्य लवकर मावळतो, सहाच्या आत अंधार पडतो, तेव्हा तुझी संध्याकाळची दिवाबत्ती खोलीत कर, मी निरांजन आणते आहे. व्हिडिओ कॉल नीट लागतो, २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकली आहे, त्यामुळे मावशीला रोज फोन करता येईल. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालतील, मी बोलले आहे.

लाडू करत बसू नकोस. खरंच नको. थोडा आलेपाक कर, बोटीसाठी.

बोटीत मधल्या रांगेत बसायचं, खिडकीच्या हट्टापायी पुढे जायचं नाही. बोट लागू नये म्हणून अवोमिनची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, बीपीच्या गोळीबरोबर चालते का ते डॉक्टरांना विचारून मी सांगेन. बाबा, विमानतळावर तुमच्यासाठी व्हीलचेअर सांगितली आहे. चेन्नईला विमान बदलताना लांब चालावं लागतं. बसायचं. माझ्यासाठी बसायचं. गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स आईच्या पर्समध्ये. गुडघ्याचे व्यायाम आजपासून दोन्ही वेळा, आई, तू लक्ष ठेव आणि मला खरं सांग.

पैशांचं विचारू नका. एफडी मोडायची नाही. दर वर्षी परीक्षा, बदली, काहीतरी निघतच राहिलं, यावर्षी आम्हा दोघा मुलांना हे करू द्या.

पुढच्या रविवारी वाशीहून ट्रान्सहार्बरने येते. दोघांची मूळ आधार कार्डं कपाटातून काढून ठेवा, आणि बाबांचे बूट तेव्हाच गोखले रोडवर घेऊ, नवे तिथे जाऊन चावायला नकोत.

तुमची,
ताई