होल्झवर्थच्या केबिनपाशी भेटलेल्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि मराठी काही तुम्हाला वाचता येणार नाही. तरी लिहिते.

जुलैमध्ये अमेरिकेतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कात धापा टाकत बाकावर टेकलेली सुती साडीतली बाई म्हणजे माझी आई. गाडी लावली तिथून अर्धाच मैल चालायचं होतं, पण उंची नऊ हजार फुटांच्या आसपास आणि आई हरिहरेश्वरची, जन्मभर समुद्राकाठी राहिलेली. मी घाबरले होते. तुम्ही तिला पाणी दिलंत, शेजारी बसलात आणि 'ती बोलायला नको, मीच बोलते' म्हणत गोष्ट सुरू केलीत. मी मराठीत सांगत गेले.

जॉन आणि सोफी होल्झवर्थ, दोघं जर्मनीहून आलेले. डेन्व्हरमध्ये त्यांचं मद्यालय होतं. 1916 मध्ये कोलोरॅडोत दारूबंदी आली आणि धंदा बसला. पुढच्या वर्षी त्यांनी या खोऱ्यात जमीन घेतली, लाकडी घर उभं केलं. मग डेन्व्हरचे जुने दोस्त मासे धरायला यायला लागले. प्यायचे, राहायचे, सोफीबाईंच्या हातचं फुकट जेवून जायचे.

इथे आई ताठ बसली. "आपल्याकडे पुण्याचे यायचे, तसेच!" (हे मी तुम्हाला इंग्रजीत सांगितलं नाही. माफ करा.) आमच्या घरच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला आईनेही अशाच पाहुण्यांना वैतागून सुरुवात केली होती.

सोफीबाई वैतागल्या आणि पैसे घ्यायचे ठरलं: दिवसाला 2 डॉलर, आठवड्याला 11. आईने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तीन डॉलर सूट. हुशार हो बाई!" त्यानंतर तिची धाप कुठे गेली कोण जाणे. चूल कुठली, सरपण कोण फोडायचं, थंडीत पाहुणे यायचे का, प्रश्नच प्रश्न. तुम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत.

होल्झवर्थांच्या मुलाने, जॉनीने, 1974 मध्ये ही रँच, म्हणजे घर आणि जमीन, निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेला विकली आणि पुढे ती पार्कात आली, हे ऐकून मात्र आई गप्प झाली. आमच्या खोल्यांचं पुढे काय, हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

परतताना लहानशा ओढ्यावरचा पूल लागला. हीच कोलोरॅडो नदी, असं तुम्ही सांगितलं होतंत म्हणून आई थांबली आणि तिने हात जोडले.

तुमचे मनापासून आभार. आणि हो, आमच्या ओसरीवरच्या पाटीवर आता आठवड्याचा वेगळा दर लिहिलाय.

तुमची,
धाप लागलेल्या बाईंची मुलगी