ऐकू न आलेला पक्षी

पुणे,
जूनचा दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही आणि तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिले नाही, म्हणून तुझा राग गृहीत धरूनच लिहायला बसलो आहे. प्रकृती ठीक आहे. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, गुडघ्याचे चालूच असते. लिहितो आहे ते स्कोमर बेटावर जे घडले त्यासाठी. ते दुसऱ्या कोणाला सांगितले, तर तो ‘वय झाले’ म्हणून मोकळा होईल.

मेच्या अखेरीस आम्ही धाकटीकडे कार्डिफला होतो आणि तिने आमच्यासाठी शनिवार-रविवारची पक्षी पाहण्याची सहल ठरवली होती. वेल्सच्या नैऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यासमोर हे बेट आहे. सगळे मिळून तीन चौरस किलोमीटरही भरणार नाही. दिवसाला जेमतेम २५० माणसांना उतरू देतात आणि रात्री राहायला त्याहून फारच थोड्यांना मिळते. आम्हाला ते मिळाले. तिथला वसंत उशिराचा, त्यामुळे उतारच्या उतार ब्लूबेलच्या निळ्या आणि कॅम्पियनच्या गुलाबी फुलांनी भरलेले होते. वाट सोडायची नाही, असे वाटाड्याने आधीच बजावले, कारण खालची जमीन बिळांनी पोखरलेली असते आणि पाय चुकला तर कोणाचे तरी घर अंडे-पिलासकट कोसळते. पफिन नावाचे बिळात घर करणारे समुद्रपक्षी त्याच वाटेवरून माणसांच्या पायांमधून आपापल्या बिळाकडे पळत होते. ही म्हणाली, "पंगत बसली आणि आपले पान राहिले, असे धावताहेत बघा." तू असतास तर तिथल्या तिथे बसकण मारली असतीस आणि तुला उठवायला मला दोन माणसे लागली असती.

रात्रीचे मात्र सविस्तर सांगतो. मँक्स शिअरवॉटर हा पक्षी दिवसभर समुद्रावर असतो आणि गडद अंधार झाल्यावरच जमिनीवर येतो, कारण त्याचे पाय अंगाच्या फार मागे असल्याने त्याला नीट चालता येत नाही आणि उजेडात मोठे कुरव त्याला फाडून खातात. २०१८ च्या गणनेत या एका बेटावर त्याच्या साडेतीन लाखांच्या आसपास जोड्या भरल्या. जगात इतकी मोठी वसाहत दुसरी नाही. १९५२ मध्ये शेजारच्या स्कोकहोम बेटावरचा एक शिअरवॉटर अमेरिकेत बोस्टनला नेऊन सोडला होता, तो साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परत आला. हे मी तुला पूर्वी कधी तरी वाचून दाखवले होते आणि तुझा विश्वास बसला नव्हता. रात्री अकरानंतर ते आले. घसा बसलेल्या कोंबड्याने आरवता आरवता मध्येच दम घ्यावा, तसा तो आवाज अंधारात चहूबाजूंनी आणि पायाखालच्या जमिनीतूनही येतो. नराचा स्वर स्वच्छ, मादीचा घोगरा. मला दोन्ही वेगळे ओळखता आले आणि वाटाड्याने कौतुकही केले. आपल्या कानांचा मला किती अभिमान होता, हे तुला मी सांगायला नको.

पहाटे आम्ही नेच्यांच्या रानाकडेला उभे होतो. वाटाड्याने एकदम बोट वर केले, सगळे थांबले, धाकटीचा चेहरा उजळला. ग्रासहॉपर वॉर्बलर गात होता. सायकलचे मागचे चाक हवेत फिरत राहावे, तसे त्याचे गाणे न थांबता चालते, असे मी स्वतःच तिला आदल्या संध्याकाळी समजावून सांगितले होते. मला वारा ऐकू आला, लाटा ऐकू आल्या, माझ्या शेजारच्या बाईंचा श्वासही ऐकू आला. तो पक्षी ऐकू आला नाही. धाकटीने विचारले, "बाबा, किती जवळ आहे ना?" मी मान हलवून हो म्हणालो.

त्या ‘हो’ने माझी झोप उडवली आहे, कारण असा ‘हो’ मी यापूर्वी तुलाही म्हटला आहे. सिंहगड व्हॅलीत तू विचारायचास, "ऐकलास?" आणि आतकरवाडीच्या ओढ्यावर करडा धोबी उडताना तुझी नजर जिकडे वळे तिकडे मीही बघत असे. तुझे डोळे आणि माझे कान, अशी आपली वाटणी चाळीस वर्षांची. वेताळ टेकडीवरच्या रातवा पक्ष्यावरून आपण तीन आठवडे बोललो नव्हतो, कारण ‘दिसल्याशिवाय यादीत नाही’ हा तुझा हट्ट आणि ‘ऐकला म्हणजे आहे’ हा माझा. त्या वेळी मी खरा ठरलो आणि तेव्हापासून मी माझ्या कानांना कधी प्रश्न विचारलाच नाही.

आल्यावर इथे कानांची तपासणी केली. आलेखाची रेघ ३,००० हर्ट्झपर्यंत बरी चालते आणि पुढे घाट उतरावा तशी उतरते. माणसांचे बोलणे बहुतेक त्याच्या खालचे असते, म्हणून घरात कोणाला कळले नाही आणि मलाही नाही. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की आपल्यात त्या पुन्हा येत नाहीत, आणि उंच पट्टीच्या आधी जातात. पक्ष्यांमध्ये मात्र त्या पुन्हा उगवतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले आहे. हे वाचल्यावर मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो.

आता मुद्द्याचे. व्हॅलीतला फुलटोच्या हा चिमुकला पक्षी कमी झाला, असे चार वर्षे मी सगळ्यांना सांगत आलो. मास्तरांच्या घरी सर्वांसमोर वहीतली पाने उघडून दाखवली, त्याच नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवल्या, बंगले आणि रिसॉर्ट यांना दोष दिला. एकटा तूच म्हणालास की आंब्यावरच्या बांडगुळात तो तुला पूर्वीइतकाच दिसतो. त्यावर, मोतीबिंदूआडून काय दिसत असेल ते देव जाणे, असे मी बोललो. वहिनी तेव्हा चहा घेऊन दारात उभ्या होत्या. परवा रात्री वही काढून पाहिली. पूर्वीच्या पानांवर ‘फु. ऐ.’, म्हणजे ‘फुलटोच्या ऐकला’, रकाने भरून आहे आणि गेल्या चार वर्षांत ते विरळ होत गेले आहे. करड्या धोब्याचेही तसेच आहे. आधी ‘ऐकला, मग दिसला’ असे असे, नंतर नुसतेच ‘दिसला’. आता बंगले तर खरोखरच झाले आहेत, पाणवठ्याची झाडेही गेली आहेत, तेव्हा पक्षी कमी झालाही असेल. पण माझ्या वहीवरून ते म्हणता येत नाही, आणि मी ते शपथेवर सांगितल्यासारखे सांगत होतो. त्या बोलण्याबद्दल मला क्षमा कर. वहिनींची मी भेटून मागेन.

तुझ्या शस्त्रक्रियेचे मास्तरांकडून कळले, दोन्ही डोळे उत्तम झाले हे ऐकून फार बरे वाटले. सातारचे घर विकू नकोस, निदान पाऊस संपेपर्यंत थांब. सूनबाईंना नोकरीबद्दल अभिनंदन सांग.

चार वर्षांच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ज्या ज्या दिवशी तू बरोबर होतास, त्या तारखेसमोर तुला काय दिसले ते तुझ्या वहीवरून लिही. पेन्सिलीने नको, शाईने लिही. जिथे तुझे माझे जुळत नाही, त्या नोंदी मी दुरुस्त करणार आहे आणि मास्तरांकडे सर्वांसमोर सांगणार आहे. सप्टेंबरात धोबी येतील तेव्हा दोन दिवस राहायला ये आणि नातवाला घेऊन ये. बारा वर्षांचे कान आहेत त्याचे. ओढ्याशी तो ऐकेल, तू पाहशील आणि वही मी लिहीन.

तुझाच,
(अक्षर ओळखशीलच)