शोरूममधली गाडी आणि शर्यतीपुरती घडवलेली गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पानावर टोप्राक राझगातलिओग्लू या तुर्की मोटरसायकल रेसरवरील लेख वाचला. सुपरबाइकच्या जागतिक स्पर्धेत २०२१, २०२४ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदे मिळवून २०२६ च्या हंगामासाठी मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेत यामाहाशी करार करणाऱ्या या खेळाडूची दखल मराठी दैनिकाने घेतली, याचे समाधान वाटले. मात्र लेखातील एका वाक्यावर अडखळलो. ‘दोन्हीकडे शेवटी शोरूममधलीच गाडी जास्त ताकद देऊन पळवली जाते, त्यामुळे टोप्राकला फक्त गाडीचा रंग बदलावा लागेल,’ असे लेखकाने म्हटले आहे. सोबतच्या छायाचित्राखाली ‘मोटोजीपी गाडी’ असे छापले आहे आणि छायाचित्रातली गाडी मात्र सुपरबाइक आहे. ही चूक केवळ तपशिलाची असती तर पत्र लिहिण्याची तसदी घेतली नसती, परंतु या खेळातील सर्वांत महत्त्वाचा भेदच तिच्यामुळे पुसला जातो.

मोटोजीपीची गाडी ही प्रोटोटाइप असते, म्हणजे ती कोणत्याही विक्रीच्या गाडीपासून तयार झालेली नसते. अभियंता कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो आणि त्याच्यासमोर बंधन असते ते फक्त नियमावलीतील आकड्यांचे: इंजिन १००० सीसीपर्यंत, सिलिंडर चारपेक्षा जास्त नाहीत, सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटरपेक्षा मोठा नाही, गाडीचे वजन १५७ किलोपेक्षा कमी नाही आणि मुख्य शर्यतीसाठी इंधन २२ लिटर. एवढे पाळले की सांगाडा कसा असावा, सिलिंडरची मांडणी कोणती असावी, टाकी कुठे बसवावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. ही गाडी विकण्याचा प्रश्नच येत नाही. कारखान्याबाहेरच्या संघांनाही ती भाड्याने मिळते, मालकीने नव्हे.

सुपरबाइकचा प्रवास याच्या अगदी उलट दिशेने होतो. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या जागतिक स्पर्धेचे तत्त्वच असे आहे की आधी रस्त्यावरची गाडी बनली पाहिजे आणि ती विकली गेली पाहिजे, मगच तिला शर्यतीची दारे उघडतील. निर्मात्याला ठरलेल्या मुदतीत त्या मॉडेलच्या ५०० गाड्या तयार कराव्या लागतात, शिवाय मूळ गाडीच्या विक्रीच्या किमतीवर कमाल मर्यादा असते. बरीच वर्षे ती ४० हजार युरो होती. मुख्य सांगाडा विक्रीच्या गाडीचाच ठेवायचा, फार तर त्याला बळकटी द्यायची. इंजिनाचे मुख्य भागही मूळ गाडीचेच, आणि किमान वजन १६८ किलो. म्हणजे सुपरबाइकचा अभियंता कागदावर नव्हे, तर दुसऱ्या कोणीतरी, सामान्य ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून आधीच बनवलेल्या वस्तूवर काम करतो. सांगाड्याचे हे बंधन किती काटेकोर असते, हे खुद्द टोप्राकनेच अनुभवले आहे. बीएमडब्ल्यूला मागे पडलेला निर्माता म्हणून बदललेला सांगाडा वापरण्याची जी सवलत होती, ती २०२५ च्या हंगामाच्या तोंडावर काढून घेण्यात आली आणि संघाला ऐनवेळी मूळ सांगाड्याकडे परतावे लागले. तरीही विजेतेपद त्यानेच मिळवले, ही गोष्ट वेगळी.

आता आपण छापलेले छायाचित्रच पाहू. गाडीच्या तोंडावर दोन दिवे दिसतात. नीट निरखल्यास लक्षात येईल की ते दिवे नाहीत, दिव्यांच्या आकाराचे स्टिकर आहेत. सुपरबाइक दिसायला शोरूममधल्या गाडीसारखीच असावी लागते, परंतु शर्यतीत काचेचे दिवे चालत नाहीत, म्हणून ही सोय. मोटोजीपीच्या गाडीवर असे खोटे डोळे काढण्याचे कारणच नाही, कारण तिला कधी खरे डोळे नव्हतेच. दुसरी खूण पुढच्या चाकात आहे. छायाचित्रात चकचकीत पोलादी ब्रेक डिस्क दिसतात, तर मोटोजीपीच्या डिस्क कार्बनच्या आणि काळपट, निस्तेज असतात. सुपरबाइकमध्ये कार्बन डिस्कला परवानगी नाही.

हा फरक केवळ दिसण्याचा नाही आणि लेखकाच्या ‘रंग बदलण्या’च्या विधानाला खरे उत्तर इथेच आहे. पोलादी डिस्क पहिल्या क्षणापासून पकड देते आणि बोटांना तिचा अंदाज येतो. कार्बनची डिस्क थंड असताना जवळजवळ निरुपयोगी असते. ती काही शे अंश सेल्सिअस तापली की मग असा जोर लावते की वजनाने हलकी असूनही ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगातील गाडी काही सेकंदांत वळणाच्या वेगावर येते. इटलीतील मुजेल्लो ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर २०२३ मध्ये ब्रॅड बिंडरच्या केटीएमने ताशी ३६६.१ किलोमीटर वेग नोंदवला होता, यावरून त्या ब्रेकवर काय भार येत असेल याची कल्पना करावी. टोप्राकची सारी ख्याती त्याच्या ब्रेकिंगची आहे. मागचे चाक हवेत ठेवून इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावणे ही त्याची ओळख, आणि ही कला त्याच्या अंगवळणी पडली ती पोलादी डिस्क व पिरेली टायरवर. २०२६ मध्ये त्याच्या हाती कार्बन डिस्क आणि मिशेलिन टायर येणार. सतारवादकाच्या हाती सरोद द्यावा, तसे हे आहे. दोन्ही तंतुवाद्येच, परंतु बोटांना सारे नव्याने शिकावे लागते.

गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या आतलेही वेगळेच. २०११ मध्ये होंडाने मोटोजीपीत आणलेल्या सीमलेस गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर पडताना मागचा सुटण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे चाकाकडे जाणारी ताकद क्षणभरही खंडित होत नाही आणि वळणात झुकलेल्या गाडीला हिसका बसत नाही. इंजिनातील व्हॉल्व्ह मिटवण्यासाठी मोटोजीपीतील बहुतेक निर्माते स्प्रिंगऐवजी हवेचा दाब वापरतात, कारण अतिवेगात स्प्रिंग मागे पडते. डुकाटी मात्र व्हॉल्व्ह यांत्रिक रीतीनेच बंद करते आणि तीच पद्धत आपल्या रस्त्यावरच्या अनेक गाड्यांतही ठेवते. या खेळातील हा माझा आवडता अपवाद आहे.

हे वाचून कोणी सुपरबाइकला दुय्यम समजू नये. लेखात तसा सूर होता, म्हणून हे मुद्दाम लिहितो. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाबतीत तर परिस्थिती उलटी आहे. मोटोजीपीत २०१६ पासून सर्वांना एकच नियंत्रण यंत्रणा आणि एकच सॉफ्टवेअर वापरावे लागते, तर ज्या सुपरबाइकला सामान्य माणसाची गाडी म्हटले जाते तिथे निर्मात्याला आपल्या पसंतीची यंत्रणा निवडण्याला अधिक वाव आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पेनमधील हेरेझच्या सरावात सुपरबाइकचा विजेता जोनाथन री याने कावासाकीवर, मऊ टायर लावून का होईना, त्याच ट्रॅकवरील काही मोटोजीपी गाड्यांपेक्षा वेगवान फेरी मारली होती. २००६ मध्ये सुपरबाइकचा विजेता ट्रॉय बेलिस जखमी सेते जिबर्नाऊच्या जागी व्हॅलेन्सियाला डुकाटीवर बसला आणि त्याने मोटोजीपीची ती शर्यत जिंकली. उलट दिशेने, मोटोजीपीतून आलेल्या अल्वारो बाउतिस्ताने २०१९ मध्ये सुपरबाइकच्या पहिल्या सलग ११ शर्यती जिंकल्या. ही मालिका सुरू असतानाच काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. नियमांनुसार त्याच्या डुकाटीच्या इंजिनाचे कमाल फेरे मिनिटाला २५० ने कमी करण्यात आले. वेगवेगळ्या किमतीच्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या विक्रीच्या गाड्या एका रांगेत आणायच्या, तर असा काटा सतत हलवावा लागतो. ही व्यवस्था न्याय्य आहे का, याविषयी माझेही मत अजून ठाम झालेले नाही.

गोंधळ का होतो, हेही समजण्यासारखे आहे. २००१ पर्यंत ग्रां प्रीच्या, म्हणजे आजच्या मोटोजीपीच्या पूर्वसुरी स्पर्धेच्या, सर्वांत मोठ्या गटातील गाड्या ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक होत्या. त्यांचा चिरका आवाज आणि धुराचा वास ओळखणाऱ्याला त्या सुपरबाइकपेक्षा निराळ्या आहेत हे डोळे मिटूनही सांगता येई. २००२ मध्ये ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक आल्या, पुढच्याच वर्षी सुपरबाइकनेही चार सिलिंडरच्या १००० सीसी इंजिनांना परवानगी दिली आणि दोन्ही गाड्या दुरून सारख्याच दिसू-ऐकू येऊ लागल्या. त्यात २०१२ मध्ये मोटोजीपीने गाड्यांची संख्या वाढवण्यासाठी प्रोटोटाइप सांगाड्यात विक्रीच्या गाडीवर आधारित इंजिन बसवण्याची मुभा काही संघांना दिली. त्यांना कारखान्यांच्या २१ लिटरऐवजी २४ लिटर इंधन आणि सहाऐवजी १२ इंजिने मिळत, तरीही ते पुढच्या रांगेशी झुंजू शकले नाहीत. मोटोजीपीच्या खालच्या मोटो२ या गटात तर २०१९ पासून सर्वांना ट्रायम्फचे ७६५ सीसीचे, रस्त्यावरच्या गाडीतून आलेले इंजिन आहे, आणि तरीही ती प्रोटोटाइपच, कारण तिचा सांगाडा कोणत्याही दुकानातून आलेला नाही.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते, हे मी नाकारत नाही. होंडाच्या २०२० च्या फायरब्लेड या रस्त्यावरच्या गाडीमध्ये सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक ४८.५ मिलिमीटर आहे. ८१ ही मोटोजीपीची कमाल मर्यादा आणि चार सिलिंडरचे १००० सीसी भरायचे तर स्ट्रोक गणितानेच ४८.५ च्या आसपास येतो. हा योगायोग नव्हे. गाड्यांच्या पुढच्या अंगाला आलेले पंखही असेच. सुपरबाइकमध्ये जे पंख शर्यतीत हवेत ते मूळ गाडीवर असावेच लागतात, म्हणून आज ग्राहकाच्या गाडीलाही ते दिसतात. तथापि त्याला गाडी मिळते ती प्रोटोटाइपपासून शिकून बनवलेली, प्रोटोटाइप नव्हे.

यापुढे हे शब्द जपून वापरण्याचे आणखी एक तातडीचे कारण आहे. २०२७ पासून मोटोजीपीचे इंजिन ८५० सीसीचे होणार असून सिलिंडरच्या व्यासाची मर्यादा ७५ मिलिमीटरवर येणार आहे. वळणातून बाहेर पडताना गाडीचा मागचा भाग खाली बसवणारी यंत्रणाही बंद होणार आहे, आणि टायर पिरेलीचे येणार आहेत. टोप्राकसाठी ही शेवटची बाब कदाचित सर्वांत मोलाची ठरेल. त्या वर्षी १००० सीसीची सुपरबाइक ८५० सीसीच्या मोटोजीपीपेक्षा आकड्याने मोठी असेल. सीसी पाहून मोठी-छोटी स्पर्धा ठरवण्याची जी सवय आपल्या क्रीडा पानांना लागली आहे, ती तोपर्यंत सुटावी. तूर्त त्या छायाचित्राच्या ओळीपुरती दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक