पहाटे 5 वाजता नमुना घ्या, मंत्रिमहोदय

मा. पर्यावरण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात सकाळी आमच्या नदीत पुलाखाली मेलेल्या माशांचा खच पडला होता. आपल्या खात्याचं पथक दुपारी 2 वाजता आलं आणि पाण्याचा नमुना घेऊन गेलं. अहवाल सांगतो : विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 9.8 मिलिग्रॅम, तापमान 30 अंश, सामू (पीएच) 9, पाणी समाधानकारक.

साहेब, हा अहवाल आपण स्वतः वाचलात का? 30 अंशांना पाण्यात हवेतून मुरणारा ऑक्सिजन 7.5च्या आसपासच थांबतो. वरचे 2.3 शेवाळाने उन्हात सोडलेले आहेत. तेच शेवाळ रात्रभर श्वासासाठी ऑक्सिजन ओढतं आणि सूर्योदयाच्या तोंडावर पाण्यातला ऑक्सिजन तळ गाठतो. मासे मरतात ते त्या वेळी. सामू 9 हीसुद्धा त्याच शेवाळाची खूण. सामू 7ला अमोनियाचा विषारी भाग शेकडा 1 देखील नसतो. 30 अंशांना सामू 9 झाला की तो 40च्या वर जातो. ज्या आकड्यांवर आपण नदीला निर्दोष ठरवलं, तेच आकडे तिचा आजार सांगताहेत.

चोवीस तास मोजणारा सेन्सर बसवू, हा शब्द आपण वर्षापूर्वी दिला होता. तो पाळला असता तर ती रात्र नोंदली गेली असती. आता मासेमारांच्या हाती जाळी रिकामी आणि कागदावर नदी स्वच्छ.

अहवालात विसर्गही नाही, म्हणजे सेकंदाला नदीतून किती पाणी वाहतं तो आकडा. लिटरला 10 मिलिग्रॅम बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) आणि सेकंदाला 2 घनमीटर प्रवाह म्हणजे दिवसाला 1728 किलो. पावसात बीओडी 3 वर आला आणि प्रवाह 20 झाला, तर 5184 किलो. आपण त्याला सुधारणा म्हणता, नदी मात्र तिप्पट भार वाहते. मातीला चिकटलेला फॉस्फरस तर बहुतांशी पुरातच वाहतो, आणि पुरात नमुना घ्यायला कुणी फिरकत नाही.

महिन्यातून एकदा घेतलेल्या अशा दुपारच्या आकड्यांवर खात्याने नदीतल्या ऑक्सिजनचं गणिती मॉडेल बसवलंय. त्यात शेवाळ धरलेलंच नाही; नदीतल्या ऑक्सिजनचा हिशेब मांडणाऱ्या स्ट्रीटर आणि फेल्प्स यांच्या 1925च्या समीकरणातही ते नव्हतं. मग दुपारचा जादा ऑक्सिजन जुळवायला हवेतून ऑक्सिजन मुरण्याचा दर वाढवून ठेवला. आकडे जुळले. ज्या आकड्यांवर बसवलं त्यांच्यावरच तपासलं, म्हणून जुळले. आता याच मॉडेलवरून नदीत सोडायच्या नव्या नाल्यांना परवानगी मिळणार!

दोष नमुना घेणाऱ्या पोरांचा नाही. गाडी मिळते कार्यालयीन वेळेत, निविदा मोजते बाटल्या; बाटली कधी भरली हे कुणी विचारत नाही. सगळी यंत्रणाच अशी बेतली आहे की नदीची वाईट वेळ तिला दिसूच नये.

सेन्सर बसेपर्यंत एवढं तरी करा. पहाटे 5 आणि दुपारी 3, दोन्ही वेळा मोजा. 300 मिलिलिटरची बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही ऑक्सिजन जागीच बांधून ठेवणारी रसायनं नदीवरच घाला. प्रयोगशाळेपर्यंत थांबलात तर आकडा बदलतो. बीओडीची बाटली बर्फात, अंधारात न्या. प्रत्येक नमुन्याबरोबर विसर्ग लिहा. सेन्सर आला की त्याच्या भिंगावरचा शेवाळाचा थर दर आठवड्याला पुसा, नाहीतर तो खोटं बोलू लागतो. मॉडेलसाठी एका वर्षाचे आकडे बाजूला ठेवून त्यांवर ते तपासा. आणि कच्चे आकडे वेळेसकट जाहीर करा, स्कॅन केलेल्या कागदावर नकोत.

तोवर त्या मॉडेलवर दिलेली प्रत्येक परवानगी थांबवा. उत्तर लेखी हवं.

आपले,
नदीकाठचे नागरिक