टेस्टेड ओके

कोथरूड, पुणे

प्रिय बाळ्या,

स.न.वि.वि. बीपी जिथल्या तिथे, गोळी चालू. पुढे.

आपण दोघंही टेलिफोन खात्यातले, म्हणून हे तुलाच लिहायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगावं तर "काका, मोबाइल डेटा वापरा ना" म्हणून मोकळे होतात.

घरची फायबरची लाइन सारखी जायला लागली. फायबर जिथे येते त्या डबीवर एलओएसचा लाल दिवा, म्हणजे उजेडच पोचत नाही. कस्टमर केअरला हेच सांगितलं, तर ती पोरगी म्हणते, "सर, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." म्हटलं, बाई, काचेतून प्रकाशच येत नाही, राउटर काय करणार? "सर, मग वायफाय फाइव्ह गिगाहर्ट्झवर घ्या."

शेवटी डबीच्या सेटिंगमध्ये शिरून पोचणाऱ्या उजेडाचा आकडा पाहिला; उण्यातला आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. सकाळी उणे २२ डीबीएम, साडेनऊनंतर उणे २९. या डब्या साधारण उणे २७ पर्यंत तग धरतात. आकडा दर तीन डीबी घसरला की उजेड निम्मा, पुढचा हिशोब तुला सांगायला नको. आणि गंमत म्हणजे दुपारी एकला पुन्हा उणे २२! आपले टेलिफोनच्या तारांचे जोड पावसात भिजायचे. ही लाइन लख्ख उन्हात जाते आणि जेवणाच्या सुट्टीत परत येते.

गच्चीवरून वाकून पाहिलं. सोसायटीचं रंगकाम चालू आहे. परांची बांधताना आमची केबल बांबूसकट सुतळीने आवळलेली. रंगारी चढले की फळी दबते, केबल मुडपते, प्रकाश त्या वळणावरच गळतो. ते डबा खायला उतरले की लाइन ठणठणीत. आणि कंपनीचे लोक तपासणार नेमके तेव्हाच! "सर, आमच्याकडून ओके दिसतेय."

लाइनवर आलेला पोरगा मात्र गुणी. सुतळी कापली, ऐसपैस वळण दिलं, मीटर लावून उणे २१ दाखवलं. तो जिना उतरतोय तोवर मेसेज: "तक्रार निकाली. कारण : ग्राहकाचा राउटर बंद होता."

बाळ्या, मला थेट आपलं मिरजेचं तक्रारींचं रजिस्टर दिसलं. १९८ या तक्रारीच्या नंबरावर आलेली त्या डॉक्टरांची तक्रार, आणि तारा वाटणाऱ्या डीपीच्या पेटीपर्यंतही न जाता तू ठोकलेलं "टेस्टेड ओके". त्यावरून आपला अबोला किती चालला, आठवतंय ना? "साहेबाला निकाली तक्रारींचा आकडा हवाय, मी देतो," हे तुझं म्हणणं. अजूनही तेच असणार. माझंही बदललेलं नाही. लाइन दुरुस्त झाली हे खरं, पण खोटं कारण माझ्या नावावर का? ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानुसार कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागता येते, ती मागणार. तुझी वहिनी म्हणते, "चालू आहे ना, मग कशाला?" ती पहिल्यापासून तुझ्याच पक्षाची.

गुडघ्याचं काय ठरलं? कल्पूचं जमलं असं उडत उडत कळलं, तारीख कळव. नारळाच्या वड्या पोचल्या, संपल्याही.

अपिलाचा मसुदा सोबत जोडलाय. साहेबी भाषा कुठे कमी पडली असेल तर घाल, ते तुला छान जमतं.

तुझा,
नाना