साडेदहा ते पाच काय होतं ते लिहून ठेवा, साहेब

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि आमच्या कोल्हापूरचे पालकमंत्री यांस,

साहेब, नमस्कार. तुम्ही राधानगरीचे आमदार, त्यामुळं आपल्याकडच्या शाळा कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको, थेट मुद्द्यावर येते.

माझी मुलगी सहावीत आहे. आठ वर्षांची असताना तिला टाईप वन डायबेटिस निघाला. दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं, त्यातलं एक शाळेत, खिचडीच्या आधी. ती स्वतःच इंजेक्शनचं पेन लावते, भिंतीकडं तोंड करून, पोटाची चिमटी धरून, कारण सगळी पोरं टक लावून बघतात.

गेल्या जुलैमध्ये शाळेतला गॅस संपला आणि खिचडी उशिरा झाली. हिनं रोजच्या वेळेला पेन लावलं आणि ताट आलं पाऊण तासानं. हे इन्सुलिन एकदा आत गेलं की पंधरा-वीस मिनिटांत काम सुरू करतं, पोटात अन्न असो नसो. पोरगीला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, धड बोलता येईना, सरांना वाटलं झोप येतीय, बेंचवर डोकं ठेव म्हणाले. शेजारच्या मैत्रिणीनं हिच्या दप्तरातली ग्लुकोजची पुडी काढून तोंडात ओतली म्हणून निभावलं. त्यानंतर शुगर चेक केली तर ५८. म्हणजे ग्लुकोज खायच्या आधी किती असेल याचा विचार मी आजही करत नाही.

सरांचा मला राग नाही, ते महिन्यापूर्वीच बदलून आले होते. आधीच्या मॅडमना सगळं पाठ होतं, शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर नाहीतर ग्लुकोज, साधारण १५ ग्रॅम, मग १५ मिनिटं थांबून परत चेक, तरी वर आली नाही तर परत तेवढंच, आणि शुद्ध हरपली तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. मॅडमची बदली झाली आणि हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं. ॲडमिशनला मी दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी नंतर ऑफिसच्या कपाटात एका जुन्या फायलीत सापडली, घडी पण मोडली नव्हती.

तेव्हापासून मी एक शंभरपानी वही शाळेत ठेवलीय. पहिल्या पानावर वरची सगळी माहिती, आमचे तीन फोन नंबर आणि तिला लो होताना, म्हणजे शुगर खाली जाताना, काय होतं ते. आतल्या पानांवर रोजची एक ओळ. परवाचीच ओळ सांगते: ११.१० ला ६२, ग्लुकोज तीन चमचे, ११.२५ ला ९४, कवायतीला बसवून ठेवली, पुढं सरांची सही. एवढंच. लिहायला मिनिट लागत नाही.

पण त्या एका ओळीनं काय होतं ते बघा. डॉक्टर तीन महिन्यांची शुगर बघतात ती सरासरी असते, मंगळवारी अकरा वाजता पोरगी लो झाली हे त्यात दिसत नाही. वही बघितल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं की कवायतीच्या दिवशीच शुगर पडतीय, मग त्यांनी त्या दिवसांचा सकाळचा डोस कमी केला. आणि दुसरं, डोस घेतला हे लिहिलेलं नसेल तर कुणीतरी काळजीपोटी परत घ्यायला लावेल, आणि इन्सुलिन दोनदा गेलं तर ते जिवावरचं आहे. म्हणून आता नियम केलाय, ताट समोर आल्याशिवाय पेन काढायचं नाही, आकडा मोठ्यानं वाचायचा, सरांनी लिहायचा.

वही मात्र सरांच्या कपाटात असते, टेबलावर नाही. तिचा आजार वर्गभर वाचायला ठेवलेला नको. गोड जास्त खाल्लं असेल म्हणून झालं असं शिकलेली माणसं पण तोंडावर बोलतात हो, आता काय सांगायचं त्यांना, शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारते, त्यात लेकराचा काय दोष. मुलीची जात, पुढं लग्नाला अडचण येईल, शाळेत सांगूच नका असं मला जवळच्यांनी सांगितलेलं. कितीतरी आईबाप याच भीतीनं गप्प बसत असतील, आणि मग शाळेला काहीच माहीत नसतं.

राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलंय की अशा मुलांना वर्गात शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि मधल्या वेळचं खायला परवानगी द्या. आमच्या शाळेत ते कुणाला माहीत नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, चांगलं तपासतात, पण हा आजार रोजचा आहे, आणि आमच्या शाळेत नर्स नाही.

म्हणून मागणी एवढीच. तुम्ही आणि शिक्षणमंत्री मिळून एक छापील वही काढा. पहिलं पान डॉक्टर भरून सही करतील, मग ते कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातले असोत नाहीतर गावातले, बाकीची पानं शाळा भरेल. शिक्षक बदलून जाताना चार्ज देतात त्या यादीत या वहीचं नाव असू दे, म्हणजे नव्या माणसाला ती सही करून घ्यावीच लागेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी वर्षातून अर्धा दिवस येऊन शाळेतल्या दोघांना शिकवावं, दोघांना अशासाठी की एक रजेवर असतोच. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप शाळेत ठेवा, स्ट्रिपचा खर्च सगळ्या घरांना झेपत नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी याच करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, लेकरू शाळेत आलंच पाहिजे म्हटलं की त्याला दिवसभर सांभाळणं पण आलंच ना साहेब.

माझ्या वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत जोडलीय, नाव झाकून. जूनमध्ये मुलगी सातवीत जाणार, वर्गशिक्षक परत बदलणार. शाळा उघडायच्या आत आदेश निघाला तर बरं होईल.

एक आई,
करवीर तालुका, कोल्हापूर